छोट्या कुत्र्याचं जेवण: वाटीने नको, ग्रॅमने मोजा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडचे टॉवर असोत की नवी मुंबईतल्या नेरुळ-सीवूड्सच्या सोसायट्या, लिफ्टमध्ये भेटणारी कुत्री बहुतेक ठरलेल्या जातींची असतात: पोमेरेनियन, शिह त्झू, पग, डॅशहुंड, एखादा चिवावा नाहीतर श्नाउझर. ‘याला काय द्यायचं’ यावर प्रत्येक घरात वाद झालेला असतो. ‘किती द्यायचं’ हा प्रश्न मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि छोट्या जातींचं बिघडतं ते बहुतेक तिथेच.

तीन किलोचं, नसबंदी झालेलं, फ्लॅटमध्ये राहणारं पोमेरेनियन घ्या. त्याची दिवसाची गरज साधारण २१० कॅलरी. तूप लावलेली एक मध्यम पोळी १२० कॅलरीच्या आसपास जाते. आजीने तुकडे करून मायेने चारलेली ती एक पोळी म्हणजे त्याचं अर्ध्याहून जास्त दिवसाचं खाणं झालं. त्यावर नेहमीचे दोन वेळचे ड्राय फूडचे दाणे आहेतच.

गरज कशी काढायची

मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये कुत्र्याचं वजन किलोत टाका. त्याला त्याच आकड्याने दोनदा गुणा, मग लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढा आणि आलेल्या उत्तराला ७० ने गुणा. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागते ती ही ऊर्जा. उदाहरणार्थ ४ किलो: ४ × ४ × ४ = ६४, वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, गुणिले ७० म्हणजे १९८.

आता हालचालीचा हिशेब धरायचा. पुस्तकात नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी या आकड्याला १.६ ने आणि नसबंदी न झालेल्यासाठी १.८ ने गुणायला सांगतात. पण दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं खाली जाऊन येणाऱ्या आणि उरलेला वेळ एसीखाली झोपणाऱ्या कुत्र्याला १.६ जास्त होतं. नसबंदी झालेली असेल तर १.३ पासून सुरुवात करा. त्या हिशेबाने २ किलोला साधारण १५५ कॅलरी, ३ किलोला २१०, ४ किलोला २५५, ५ किलोला ३०५ आणि ८ किलोला ४३०. चार महिन्यांखालच्या पिल्लाला ३ ने गुणायचं, त्यानंतर वाढ पूर्ण होईपर्यंत २ ने. वजन उतरवायचं असेल तर आजचं वजन न धरता जे असायला हवं ते वजन घ्या आणि १ ने गुणा.

हा आकडा फक्त सुरुवातीपुरता आहे. एकाच घरातल्या, एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज सहज वीस-तीस टक्क्यांनी वेगळी निघते. म्हणून ठरवलेलं प्रमाण दोन आठवडे पाळा आणि वजन करा. तीन किलोच्या कुत्र्याचं वजन ३०० ग्रॅमने वाढणं म्हणजे दहा टक्के वाढणं, आणि बाथरूममधल्या काट्यावर त्याला कडेवर घेऊन उभं राहिलं तर एवढा फरक नीट कळत नाही. दवाखान्यातला काटा किंवा लहान बाळांचा काटा वापरा. वजन वाढत असेल तर खाणं दहा टक्के कमी करायचं आणि पुन्हा दोन आठवडे थांबायचं. उतरवताना आठवड्याला एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरू देऊ नका.

काटा नसेल तर हात वापरा. एका हाताचा पंजा सपाट धरून दुसऱ्या हाताने त्या पंजाच्या पाठीवरची हाडं चाचपा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला तशाच लागायला हव्यात. मूठ वळल्यावर बोटांच्या गाठी जशा टोचतात तशा लागल्या तर कुत्रं बारीक आहे. तळहाताकडच्या बाजूसारखं मऊ लागलं, हाडं शोधावी लागली, तर जाड आहे. पोमेरेनियन आणि शिह त्झूच्या केसांमुळे डोळ्यांना काहीच कळत नाही, त्यामुळे त्यांना हात लावूनच बघा. ‘गुबगुबीत छान दिसतो’ हे कौतुक पगला सगळ्यात महाग पडतं: चपट्या नाकामुळे श्वास आधीच अडखळतो, त्यात चरबीची भर. पोमेरेनियनमध्ये श्वासनलिका दबण्याचा त्रास आणि डॅशहुंडमध्ये मणक्याच्या चकतीचं दुखणं, दोन्ही वजनाने वाढतात.

ड्राय फूड द्यायचं तर

पुडीच्या मागे १०० ग्रॅमला किंवा किलोला किती कॅलरी ते शोधा. बऱ्याच पुड्यांवर ते नसतं, तेव्हा स्वतः काढा. प्रथिनांच्या टक्क्यांना ३.५ ने, फॅटच्या टक्क्यांना ८.५ ने आणि कर्बोदकांच्या टक्क्यांना ३.५ ने गुणून बेरीज करायची. कर्बोदकं सहसा छापलेली नसतात. १०० मधून प्रथिनं, फॅट, फायबर, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) वजा केली की उरतात ती. राखेचा आकडाही नसेल तर ८ धरा. समजा पुडीवर प्रथिनं २६, फॅट १४, फायबर ४, ओलावा १० असं आहे. राख ८ धरली तर कर्बोदकं ३८ उरतात. ९१ + ११९ + १३३ म्हणजे १०० ग्रॅमला ३४३ कॅलरी. मग तीन किलोच्या पोमेरेनियनला दिवसभरात ६१ ग्रॅम, पाच किलोच्या शिह त्झूला ८९ ग्रॅम.

६१ ग्रॅम वाटीने मोजता येत नाहीत. वाटीला थोडं शीग आलं की सात-आठ ग्रॅम जास्त जातात, आणि रोजचे सात-आठ ग्रॅम म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पुडीवरचा ‘वजनाप्रमाणे किती द्यावं’ हा तक्ता सहसा चांगली हालचाल असलेलं कुत्रं डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. फ्लॅटमधल्या कुत्र्याला तो बहुतेक वेळा जास्तच होतो.

पुडीवर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असे शब्द आहेत का ते बघा, आणि कोणत्या वयासाठी तेही. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं असेल तर ते पूर्ण जेवण नव्हे, वरचं तोंडीलावणं आहे. ग्रेव्हीचे बरेच छोटे पाउच या दुसऱ्या प्रकारात मोडतात. ग्रेव्हीच्या पाउचात मुख्यतः पाणीच असतं, १०० ग्रॅमला साधारण ८० ते १०० कॅलरी. दाण्यांवर पाउच ओतायचा असेल तर त्या कॅलरींइतके दाणे काढून टाका. छोट्या जातींसाठीचे दाणे आकाराने बारीक असतात, ते खरंच सोयीचे पडतात. मोठे दाणे ही कुत्री न चावता गिळतात किंवा तसेच सोडून देतात.

दहा किलोची पोती स्वस्त पडतात, पण तीन किलोच्या कुत्र्याला ते पोतं पाच महिन्यांहून जास्त पुरतं. पोतं उघडलं की दाण्यांवरच्या फॅटला हवा लागते आणि ते खवट होऊ लागतं. महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढंच आणा: तीन किलोच्या कुत्र्याला दीड किलोची पुडी जवळपास पंचवीस दिवस जाते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच अशी असते की डब्यातला पापडसुद्धा मऊ पडतो. दाण्यांना बुरशी धरली की त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर जातं, आणि ते वासावरून कळेलच असं नाही. दाणे डब्यात ओतू नका. मूळ पुडीचं तोंड घट्ट दुमडून अख्खी पुडी हवाबंद डब्यात ठेवा. त्यामुळे बॅच नंबर आणि तारीखही हाताशी राहते. उघड्या पोत्यातून सुटं तोलून मिळणारं ड्राय फूड पावसाळ्यात तर अजिबात घेऊ नका.

घरचं शिजवायचं तर

घरी शिजवलेलं ते आपोआप चांगलं, असं नाही. चिकन-भात खाऊन कुत्रं तजेलदार दिसतं, मोठ्या आवडीने खातं, आणि हळूहळू त्याच्या हाडांतलं कॅल्शियम कमी होत जातं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर मग हाडांतून काढून घेतं. वाढत्या पिल्लात हे फार लवकर घडतं. सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला, एवढी हाडं ठिसूळ होतात. दूध-पोळी आणि दही-भातावर तर प्रथिनांचीही मारामार.

पाच किलोच्या प्रौढ, निरोगी कुत्र्यासाठी एका दिवसाचं माप असं:

बोनलेस चिकन, कातडी काढलेलं, कच्चं ११० ग्रॅम
चिकनची कलेजी, कच्ची १० ग्रॅम
तांदूळ, कच्चे ३० ग्रॅम
लाल भोपळा, फरसबी किंवा दुधी, मिळून ४० ग्रॅम
सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल, चहाचा एक छोटा चमचा, सपाट
अंड्याच्या कवचाची पूड, १ ग्रॅम
डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेली व्हिटॅमिन-मिनरल पावडर

याच्या साधारण ३०५ कॅलरी होतात. तीन किलोच्या कुत्र्याला सगळंच दोन-तृतीयांश करा.

तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून मऊ शिजवा. चिकन आणि कलेजी थोड्याशा पाण्यात उकडा, आणि ते पाणी फेकू नका, भातात मुरवा. भाजी शिजवून चमच्याने ठेचा. मोठे तुकडे ठेवले तर कुत्रं चिकन तेवढं वेचून खातं आणि भोपळा वाटीत उरतो. तेल, कवचाची पूड आणि पावडर खाणं कोमट झाल्यावर वरून घाला. मीठ, मसाला, आलं-लसूण, फोडणी काही नको.

कवचाची पूड घरीच होते. कवचं धुवा, दहा मिनिटं उकळा, वाळवा, तव्यावर कोरडी भाजा आणि मिक्सरमध्ये पिठीसारखी दळून गाळणीने चाळा. चाळणीवर उरलेली कच टाकून द्या. एका ग्रॅममध्ये साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. छोट्या चमच्याने मोजलं तर पाव चमच्याला थोडी कमी, पण पहिल्यांदा काट्यावर घालून आपल्या चमच्याचं माप ठरवून घ्या. ‘कॅल्शियम आहे, जास्त झालं तर बिघडलं कुठे’ असं मात्र नाही. जादा कॅल्शियम झिंकचं शोषण अडवतं.

व्हिटॅमिन-मिनरल पावडर वगळायची नाही. चिकन, भात, भोपळा आणि कवच एवढ्याने आयोडिन, झिंक, व्हिटॅमिन डी आणि ई पुरेसं मिळत नाही. त्याऐवजी माणसांच्या गोळ्या मोडून घालू नका. तीन किलोच्या जिवाला त्यातलं व्हिटॅमिन डी सहज अति होतं. आणि वाढत्या पिल्लाला फक्त घरच्या अन्नावर ठेवण्याचा हट्ट सोडा. त्याला पिल्लांचं कम्प्लीट फूड द्या, प्रौढ झाल्यावर हवं तर घरच्यावर आणा.

एकदम तीन दिवसांचं शिजवून फ्रिजमध्ये ठेवता येतं, त्यापुढचे भाग फ्रीझरमध्ये. शिजवलेला भात ओट्यावर तासन्‌तास राहू देऊ नका, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर ढवळून बोटाने तपासा, मधेच एखादा भाग चटका देण्याइतका तापलेला असतो.

मासे खाणाऱ्या घरात मासा देता येतो, काटे पूर्ण काढून आणि उकडून. सुकट, सुके बोंबील मात्र नाहीत, मीठ फार. शाकाहारी घरात अंडं चालत असेल तर काम बरंच सोपं होतं. अंडंही चालत नसेल तर पनीर-भाताचे प्रयोग करण्यापेक्षा कम्प्लीट लिहिलेलं शाकाहारी ड्राय फूड घ्या आणि वर्षातून एकदा रक्त तपासा. पनीरच्या १०० ग्रॅममध्ये २६० च्या पुढे कॅलरी असतात, आणि त्यातलं बरंचसं फॅट.

खाऊ, आणि देणारे हात

वरच्या खाण्याचा वाटा दिवसाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. तीन किलोच्या कुत्र्याला ते होतात २१ कॅलरी, म्हणजे एक ग्लुकोज बिस्किट. एकच. आता सकाळी तलावपाळीला फिरायला येणारे काका एक देतात, गेटवरचा वॉचमन एक देतो, घरकामाच्या मावशी चहाबरोबर अर्धं देतात, आणि शाळेतून आलेल्या मुलांना यातलं काहीच माहीत नसतं. कोणाचंही चुकत नाही, बेरीज तेवढी चुकते.

यावर एकच उपाय टिकतो. सकाळी दिवसाचं सगळं खाणं मोजून एका डब्यात काढायचं. ज्याला कुत्र्याचे लाड करायचे असतील त्याने त्या डब्यातूनच काढून द्यायचे. डबा रिकामा झाला की दिवस संपला. वॉचमनलाही दहा दाण्यांची एक पुडी देऊन ठेवा; कुत्र्याला हातातून मिळाल्याचा आनंद हवा असतो, बिस्किटच हवं असं नाही. वेगळं काही द्यायचं तर काकडीचे, गाजराचे किंवा उकडलेल्या भोपळ्याचे बारीक तुकडे.

‘आमचं खातच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा याच घरांतून येते. पोट आधीच भरलेलं असतं, आणि तोंड फिरवलं की चिकन मिळतं हे कुत्र्याने केव्हाच ओळखलेलं असतं. प्रौढ, निरोगी कुत्र्यासमोर वाटी वीस मिनिटं ठेवा, मग उचला, पुढच्या वेळेपर्यंत काही नको. दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. पण चोवीस तास काहीच खाल्लं नाही, किंवा सोबत उलटी वा मरगळ असेल, तर तो हट्ट नाही, दवाखाना गाठा.

पिल्लावर हा प्रयोग कधीही करू नका. छोट्या जातीच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. काही तास उपाशी राहिलं की रक्तातली साखर घसरते. ते लडखडतं, थरथरतं, डोळे शून्यात लागतात, पुढे झटका येतो. मध किंवा साखरेचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा (घशात ओतू नका, फुप्फुसात जाईल) आणि तसंच उचलून डॉक्टरकडे न्या. तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा खाणं, रात्रीचं शेवटचं झोपण्याच्या अगदी आधी. मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. पिल्लांच्या खाण्यावरून प्रौढांच्या खाण्यावर दहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान यायचं. महिन्याभराचं पिल्लू विकायला आणतात आणि सोबत ‘सेरेलॅक द्या’ म्हणून सांगतात, तेव्हा दोन्ही नाकारा. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि माणसाच्या बाळाचं खाणं कुत्र्याच्या पिल्लाच्या गरजेचं नाही.

कोणतंही खाणं बदलताना सात ते दहा दिवस घ्या: आधी नवं पाव भाग, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. मधे शी पातळ झाली तर आधीच्या टप्प्यावर परत जा.

जे घरात असतं आणि जमत नाही

कांदा सगळ्यात आधी, कारण तो आपल्या प्रत्येक रश्शात असतो. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की तांबड्या पेशी फुटू लागतात. तीन किलोच्या कुत्र्याला ४५ ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा पुरतो. शिजवल्याने विष जात नाही, आणि लसूण कांद्याहून तीव्र. फसवं असं की पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तपकिरी होते. त्यामुळे ‘मामलेदारची मिसळ पार्सल आणली, त्यातला थोडा कट पोळीला लावून दिला’ हे कुत्र्याच्या बाबतीत थोडं राहत नाही.

मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर याचा अंदाज बांधता येत नाही. गणपतीतला शिरा, दिवाळीतला चिवडा, पंचखाद्य, सगळ्यांत मनुका असतात. फराळाची ताटं टीपॉयवर ठेवू नका. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. शुगर-फ्री च्युइंगम आणि काही पीनट बटरमधलं झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) अर्ध्या तासात रक्तातली साखर पाडतं, म्हणून पीनट बटर देण्याआधी घटक वाचा. तळणीचं आणि तुपकट खाऊन स्वादुपिंडाला सूज येते. श्नाउझर यात सगळ्यांत नाजूक. वारंवार उलटी, पाठ कमानीसारखी, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर, असं दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका.

आतडं अडवणाऱ्या वस्तू आपल्याकडे ऋतूप्रमाणे बदलतात. एप्रिल-मेमध्ये आंब्याची कोय. हापूसच्या दोन-तीन फोडी चालतात, कोय आणि साल नाही. पावसाळ्यात उपवन तलावाच्या काठावर किंवा पाम बीच रोडला कणसं खाऊन फेकलेले बुरखुंडे. कुत्रं ते चटकन उचलतं, त्याचा तुकडा पोटात विरघळत नाही आणि छोट्या कुत्र्याच्या आतड्यात बुचासारखा बसतो. बहुतेकदा ऑपरेशनच करावं लागतं. तिथून जाताना पट्टा आखूड धरा. शिजवलेली हाडं, मग ती चिकनची असोत की मटणाची, कोणत्याच ऋतूत नकोत; चावल्यावर त्यांच्या टोकदार कपच्या होतात.

पाणी, दात, पाऊस

दर किलोला दिवसाला ५० ते ६० मिली पाणी धरा, खाण्यातलं पाणी मिळून. ड्राय फूड खाणाऱ्या कुत्र्याला दाण्यांत दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून द्या, विशेषतः शिह त्झूला, कारण या जातीत मूत्राशयाचे खडे बरेच होतात. ओले दाणे मात्र ऑक्टोबरच्या उकाड्यात तासाभरात आंबतात, उरलेले फेकून द्या.

कडक दाण्यांनी दात साफ होतात हा गैरसमज आहे. छोट्या तोंडात तेवढेच बेचाळीस दात दाटीने असतात आणि किटण लवकर धरतं. कुत्र्यांची पेस्ट आणि बाळांचा मऊ ब्रश, रोज अर्धा मिनिट, बाहेरच्या बाजूने. आपली टूथपेस्ट नको. आधी नीट खाणारं कुत्रं अचानक दाणे सोडून मऊ तेवढंच मागू लागलं तर नखऱ्यावर ढकलण्याआधी त्याचं तोंड उघडून बघा.

संततधार लागली की फिरणं दोन-तीन दिवस बंद पडतं. तेवढे दिवस खाणं दहा टक्के कमी करा. डॉक्टरकडे जाताना गेल्या दोन महिन्यांची वजनं, खाण्याच्या पुडीचा मागच्या बाजूचा फोटो आणि दिवसाला किती ग्रॅम देता तो आकडा बरोबर न्या. ‘एक वाटी देतो’ यावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही.